चंद्राची माती अहमदाबादेत

झेंडा का फडफडला, सावल्या समांतर का नाहीत, फोटोत तारे का दिसत नाहीत. चंद्रावर माणूस उतरलाच नाही म्हणणाऱ्यांचे हे तीन प्रश्न मला आता पाठ झाले आहेत, आणि तिन्हींची उत्तरं शाळेच्या विज्ञानात बसतात. झेंड्याच्या वरच्या कडेला आडवी दांडी होती. भर उन्हातल्या जमिनीचा फोटो काढायचा तर शटर इतकं झटकन मिटवावं लागतं की तारे येतच नाहीत. आणि उंचसखल जमिनीवर सावल्या वाकड्या पडतात हे पाहायला आमच्या सोसायटीचं पार्किंगसुद्धा पुरतं.

या वादात मी पडत नाही. पण यंदा दिवाळीच्या फराळाला आलेला माझा भाचा निखिल चकली मोडता मोडता म्हणाला, "आणि मावशी, दगड आणले म्हणतात, तर दगडाचं काय गं? कुठलाही उचलायचा आणि चंद्राचा म्हणून दाखवायचा!"

निखिल चार्टर्ड अकाउंटंट आहे, बडोद्याच्या अलकापुरीत त्याचं ऑफिस आहे, हुशार मुलगा आहे. पण माझ्या घरात बसून दगडाला असं म्हणायचं! मी इथल्या सयाजीराव विद्यापीठातून भूशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि निवृत्त होईपर्यंत खडकांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली घालून बसले. त्याला त्या दिवशी मी जे सांगितलं ते इथे नीट मांडून ठेवते. फोटोंचा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा, मी दगडांपुरतंच बोलणार.

बडोद्यात भूशास्त्र शिकणाऱ्याची पावागडाशी लवकरच गाठ पडते. लोक महाकाळीच्या दर्शनाला चढतात, आम्ही हातोडा, भिंग आणि होकायंत्र घेऊन चढायचो. खाली बेसॉल्टचे, म्हणजे लाव्हाच्या काळ्या दगडाचे थर, वर माथ्याकडे फिकट रायोलाइट. सगळा दख्खनच्या ज्वालामुखींचा पसारा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तिथला तुकडा आणून, कापून, काचपट्टीवर चिकटवून ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासत न्यायचा. मग त्यातून प्रकाश आरपार जातो आणि खनिजं ओळखू येतात. याला आम्ही थिन सेक्शन म्हणतो. नवख्याला त्यात रंगच रंग दिसतात. जरा मुरलं की मात्र पहिल्यांदा दिसतं ते पाणी. म्हणजे पाण्याने करून ठेवलेलं काम. ऑलिव्हीन या हिरवट खनिजाच्या कडा तांबूस-तपकिरी झालेल्या, मधल्या ज्वालामुखी काचेची चिकणमाती झालेली, वायूच्या पोकळ्यांत झिओलाइट नाहीतर कॅल्साइट ही पाण्यातून साचणारी खनिजं येऊन बसलेली. खाणीतून कितीही ताजा फोडून आणा, पाण्याची खूण कुठेतरी सापडतेच.

अमेरिकेच्या अपोलो ११ मोहिमेने आणलेले बेसॉल्ट ३६० ते ३९० कोटी वर्षांचे आहेत, पावागडाच्या पन्नासपटीहून म्हातारे. आणि त्यांचा काप बघावा तर लख्ख! अभ्रक नाही, चिकणमाती नाही, गंज नाही. फेल्डस्पार हे फिकट खनिज काचेइतकं निर्मळ. शिवाय मधेमधे शुद्ध धातुरूप लोखंडाचे बारीक कण. आपल्याकडच्या हवापाण्यात असे कण कधीच गंजून गेले असते. इतका जुना आणि इतका कोरडा खडक पृथ्वीवर कुठल्याही खाणीत मिळत नाही.

"पण पाणी तर आपल्याच चांद्रयानाने शोधलं ना?" हा निखिलचा प्रश्न, आणि चांगला प्रश्न. शोधलंच. २००८ साली खुद्द अपोलोने आणलेल्या काचेच्या मण्यांतही पाण्याचा अंश सापडला, कारण तोवर उपकरणं तितकी सूक्ष्म झाली होती. पण तो अंश दशलक्ष भागांत काही भाग, एवढाच. त्याने ऑलिव्हीनच्या कडा तांबड्या होत नाहीत.

बरं, कोरडेपणा राहू दे. समजा कुणी भट्टीत बिनपाण्याचा बेसॉल्ट वितळवून थंड केला. पुढचा पुरावा त्याच्या हाताबाहेरचा आहे, आणि तो मी स्वतः डोळ्यांनी पाहिला आहे.

१९७८ साली आमच्या विभागाने आम्हाला अहमदाबादला भौतिक संशोधन प्रयोगशाळा, म्हणजे पी.आर.एल., पाहायला नेलं होतं. विक्रम साराभाईंनी काढलेली संस्था. तेव्हा तिथे देवेंद्र लाल संचालक होते. आधी मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टी.आय.एफ.आर.) आणि १९७२ नंतर अहमदाबादेत लाल, नरेंद्र भंडारी, जितेंद्रनाथ गोस्वामी ही मंडळी अपोलोच्या दगडमातीवर काम करत होती. आम्हा पोरापोरींना काही कळत नव्हतं, डब्यातल्या थेपल्यांकडेच जास्त लक्ष होतं. पण एका खोलीत रांगेने एकेकाला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. खाली फेल्डस्पारचा एक कण होता आणि त्याच्या अंगभर बारीक, निमुळत्या रेघा. "चंद्राचा आहे," एवढंच सांगून पुढच्याला बोलावलं.

त्या रेघांचा अर्थ मला पुढे वाचून कळला. विश्वकिरणांत, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या कणांच्या झोतात, लोखंडाची अणुकेंद्रं असतात, प्रचंड वेगाची. स्फटिकातून जाताना ती त्याची रचना मोडत जातात. तो कण कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात उकळला की मोडलेली वाट आधी झिजते आणि दिसू लागते. पृथ्वीवरच्या दगडात असे माग सापडत नाहीत, कारण आपल्या डोक्यावर दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो हवा आहे. लोखंडाचं अणुकेंद्र तिच्यात वरच्या वर फुटून जातं. (युरेनियमच्या विखंडनाचे माग आपल्याही दगडांत असतात, ते मला माहीत आहे. कोणी भूशास्त्राचा विद्यार्थी वाचत असेल तर लगेच आक्षेप घेईल म्हणून लिहिते. पण ते युरेनियम जिथे असेल तिथे पडतात, बाहेरून आत कमी होत जात नाहीत.)

चंद्राच्या दगडात ते बाहेरून आत कमी होत जातात. पृष्ठभागाच्या पहिल्या मिलिमीटरभरात सूर्यावरून आलेल्या कणांची दाटी, मग झपाट्याने उतार, आणि खाली काही सेंटिमीटरपर्यंत सूर्यमालेबाहेरून, आपल्या आकाशगंगेतून आलेल्यांचे विरळ माग. त्या उतारावरून दगड किती काळ उघड्यावर पडून होता, मधे उलटला होता का, हे काढता येतं. काही दगड लाखो वर्षं, काही कोट्यवधी वर्षं उघड्यावर होते. वर त्यांच्या पृष्ठभागावर सूक्ष्म उल्काकणांनी पाडलेले खळगे, आतून काचेचं अस्तर असलेले. मोहरीएवढी धूळसुद्धा आपल्या हवेत जळून जाते, पृथ्वीवर ती दगडाला खळगा पाडणार कशी? आणि लोखंडाच्या अणुकेंद्रांना त्या ऊर्जेला नेणारं यंत्र १९६९ साली जगात नव्हतं. असतं तरी कोट्यवधी वर्षांचा मारा किती दिवसांत उरकणार?

निखिल अर्थात गप्प बसला नाही. "मग उल्का," तो म्हणाला. "चंद्राचेच तुकडे पृथ्वीवर पडतात ना? अंटार्क्टिकावर पडलेले उचलले. नासाचा रॉकेटतज्ज्ञ फोन ब्राउन अंटार्क्टिकाला गेला होता, हे तर खरं आहे."

गेला होता खरा, १९६६-६७ च्या तिथल्या उन्हाळ्यात. पण चंद्राची म्हणून ओळखलेली पहिली उल्का १९८२ सालची. आणि ती ओळखली कशावरून? अपोलोच्या दगडांशी ताडून! शिवाय हवेतून येताना उल्केचा वरचा थर वितळून जातो. माझे ते माग आणि ते काचेचे खळगे नेमके त्याच थरात असतात.

याहून ठसठशीत गोष्ट १९७२ ची आहे. मला ही सगळ्यांत आवडते, आणि वाद घालणाऱ्यांपैकी फार कमी जणांना ती ठाऊक असते. अपोलो १६ एप्रिलमध्ये परतलं. अपोलो १७ डिसेंबरमध्ये उतरलं. मधे ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्यावर एक प्रचंड उद्रेक झाला. त्यातले प्रोटॉन दगडातल्या लोखंडावर आदळले की कोबाल्ट-५६ हे किरणोत्सारी द्रव्य तयार होतं. त्याचं अर्धायुष्य ७७ दिवस, तेवढ्यात ते निम्मं उरतं. म्हणजे ऑगस्टमध्ये तयार झालेलं कोबाल्ट डिसेंबरात तिसरा हिस्सा उरतं, आणि वर्ष-दोन वर्षांत जवळजवळ संपतं. अपोलो १७ चे नमुने पृथ्वीवर आल्या आल्या मोजले, तर ते त्यांच्यात होतं. त्याच उद्रेकाने वाढवलेलं सोडियम-२२ हे दुसरं किरणोत्सारी द्रव्यही होतं. अंटार्क्टिकाच्या बर्फात पडलेल्या, किंवा चार वर्षं आधी गोदामात आणून ठेवलेल्या दगडात हे यायचं कसं? तो दगड १९७२ च्या ऑगस्टमध्ये हवेच्या बाहेर, उघड्यावर होता आणि डिसेंबरात प्रयोगशाळेत होता. याला दुसरा अर्थ मला तरी सुचत नाही.

इथे निखिलने दुसरी चकली घेतली.

"यंत्राने आणले असतील," तो म्हणाला. "माणूस कशाला लागतो?"

यंत्राने आणता येतात हे रशियनांनी करून दाखवलं आहे. लुना १६, २० आणि २४ ही बिनमाणसांची यानं, तिन्हींनी मिळून आणलेली माती सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. चीनच्या छांग-अ ५ ने २०२० मध्ये, म्हणजे पन्नास वर्षं पुढच्या तंत्राने, १ किलो ७३१ ग्रॅम आणले. अपोलोच्या सहा खेपांचं मिळून वजन ३८२ किलो. नुसतं वजनही सोडा. त्यात एकच दगड ११.७ किलोचा आहे, अपोलो १६ चा. तीन मीटरच्या घरात खोल गेलेल्या नळ्यांतली थरांसकट माती आहे. आणि निवड आहे, जी मला भूशास्त्राची बाई म्हणून सगळ्यांत जास्त पटते. अपोलो १७ मध्ये हॅरिसन श्मिट होता, शिकलेला भूशास्त्रज्ञ. शॉर्टी नावाच्या विवराच्या काठावर त्याला राखाडी मातीत नारिंगी पट्टा दिसला. त्याने तिथेच चर खणला, पट्टा कुठून कुठवर जातो ते पाहिलं, दोन्ही बाजूंचे नमुने वेगळे घेतले आणि मधून नळीही ठोकली गेली. ती नारिंगी माती म्हणजे साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या कारंज्यांतून उडालेले काचेचे मणी निघाले. फील्डवर कधी गेलेल्या माणसाला यात हात कुणाचा आहे ते लगेच कळतं.

स्विस पन्न्याची (फॉइलची) गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बर्न विद्यापीठाच्या योहानेस गाइस यांनी अपोलो ११ बरोबर ॲल्युमिनियमचा एक पातळ पन्ना पाठवला होता, दांडीला लावून सूर्यासमोर धरायला. तो अमेरिकेच्या झेंड्याच्याही आधी उभा केला गेला. ७७ मिनिटं ठेवला, गुंडाळून परत आणला आणि स्वित्झर्लंडला गेला. त्यात सूर्यावरून आलेले हेलियम आणि निऑनचे अणू रुतलेले सापडले. पृथ्वीवर हे मिळत नाही, कारण चुंबकक्षेत्र आणि हवा दोन्ही आड येतात. पुढच्या खेपांत पन्ने जास्त वेळ ठेवले, अपोलो १६ मध्ये ४५ तास. मोजणारे स्विस, नासाच्या पगारावर नसलेले.

"म्हणजे थर्ड पार्टी कन्फर्मेशन," निखिल म्हणाला, आणि मला वाटतं तिथे पहिल्यांदा त्याला गोष्ट आपलीशी वाटली. ऑडिटमध्ये म्हणे कंपनीच्या वहीवर विश्वास ठेवत नाहीत, बँकेला थेट पत्र लिहून शिल्लक विचारतात. मग मी त्याला त्याच्याच भाषेत अहमदाबादची गोष्ट पुन्हा सांगितली. लाल-भंडारी-गोस्वामींच्या गटाकडे अमेरिकेची माती होती तशीच रशियाची, लुना १६ आणि २० ची, मातीही होती. विश्वकिरणांच्या मागांवरचं त्यांचं काम दोन्हींवर छापलेलं आहे. तो शीतयुद्धाचा काळ. १९७१ च्या युद्धात अमेरिकेने आपल्याविरुद्ध बंगालच्या उपसागरात आरमार धाडलं होतं. तिचं खोटं झाकण्यात अहमदाबादच्या शास्त्रज्ञांना काय मिळणार होतं? रशियाला तर ते उघडं पाडायला हवंच होतं. दोन्ही माती एकाच चंद्राची आहे हे ज्यांनी पाहिलं त्यांत आपली माणसं होती. बडोद्याहून सव्वाशे किलोमीटरच्या आत!

लेसरच्या आरशांबद्दल मी मुद्दाम फार बोलले नाही. अपोलो ११, १४ आणि १५ ने ठेवलेल्या परावर्तकांवर आजही लेसर सोडतात, अडीच सेकंदांत तो परततो आणि त्यावरूनच चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर जातो हे कळतं. शास्त्र म्हणून सुंदर आहे. माणूस उतरल्याचा पुरावा म्हणून मला तो अर्धाच वाटतो, कारण रशियाच्या दोन लुनोखोद गाड्यांवरही असेच परावर्तक आहेत आणि त्यांत माणूस नव्हता. आपल्या बाजूचा म्हणून कच्चा पुरावा पुढे करू नये. चांद्रयान २ च्या कॅमेऱ्याने अपोलो ११ आणि १२ च्या जागांचे फोटो काढले आहेत, यानाचे खालचे भाग तिथेच उभे दिसतात. नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या एल.आर.ओ. यानाच्या चित्रांत तर अंतराळवीरांच्या पायवाटाही दिसतात. पण फोटोंवर संशय घ्यायचं ज्याने ठरवलंय त्याला याने काय फरक पडणार?

एक खोटा दगड मात्र खरोखर आहे, आणि निखिलला तो माहीत होता. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये चंद्राचा म्हणून जपलेला, माजी डच पंतप्रधान विलेम ड्रीस यांच्याकडून आलेला तुकडा २००९ मध्ये तपासला तर अश्मीभूत लाकूड निघालं. "बघ!" तो म्हणाला. मीही म्हटलं, बघ. नासाच्या नमुन्यांच्या नोंदीत तो दगड कधी नव्हताच. आणि जाणत्या माणसाने हातात घेऊन तपासताच पितळ उघडं पडलं. अपोलोचे नमुने पन्नास वर्षांहून जास्त काळ देशोदेशीच्या प्रयोगशाळांत कापले, विरघळवले, जाळले जात आहेत. अपोलो १७ ची चंद्रावरच मोहरबंद केलेली एक नळी तर २०२२ मध्ये उघडली. आपल्या नंतरच्या पिढीच्या यंत्रांनी तपासावी म्हणून राखून ठेवली होती. लबाडी करणारा भविष्यातल्या यंत्रांसाठी पुरावा कशाला राखून ठेवेल?

शेवटचा मुद्दा ताजा आहे. अपोलो ११ च्या मातीत काळ्या बेसॉल्टच्या चुऱ्याबरोबर थोडे पांढरे कण होते, अ‍ॅनॉर्थोसाइटचे, म्हणजे जवळजवळ निव्वळ फेल्डस्पारच्या खडकाचे. त्या मूठभर कणांवरून जॉन वूड आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये तर्क मांडला की चंद्र सुरुवातीला वितळलेल्या शिलारसाचा समुद्र असावा आणि हलका फेल्डस्पार वर तरंगून त्याचं कवच झालं असावं. हे खरं असेल तर चंद्रावर जिथे लाव्हाची मैदानं नाहीत, तिथे कुठेही उतरलं तरी तीच पांढरी जात मिळायला हवी. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान ३ चं विक्रम उतरलं ते जवळपास ६९ अंश दक्षिणेला, अपोलो जिथे कधी गेलंच नाही तिथे. प्रज्ञान गाडीवरच्या ए.पी.एक्स.एस. उपकरणाने २३ ठिकाणी मातीची मूलद्रव्यं मोजली. ती अ‍ॅनॉर्थोसाइटी निघाली, अपोलो १६ आणि लुना २० च्या मातीशी जुळणारी. ते उपकरण पी.आर.एल.ने बनवलेलं. अपोलोची माती अमेरिकेतल्याच नेवाडाच्या वाळवंटातली असती, तर आपलं यंत्र तिच्याशी जुळलं कसं असतं?

हे ऐकून निखिल थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग निघताना, चपला घालता घालता, "बरं मावशी, गेले तर गेले. पण मग नंतर पन्नास वर्षं परत का नाही उतरले?"

मी म्हटलं, त्याचं उत्तर दगडांत नाही रे, ते तुझ्या खात्यातलं आहे. १९६६ साली अमेरिकेच्या केंद्रीय सरकारच्या खर्चातल्या शंभर डॉलरमागे चारहून जास्त डॉलर नासाला जायचे. आता अर्धाही जात नाही. रशियाला हरवून झालं होतं, व्हिएतनामचा खर्च होता, अपोलो १८, १९ आणि २० कागदावरच रद्द झाली. पुढच्या वेळी येशील तेव्हा ते आकडे घेऊन ये आणि तू मला समजाव. चिवड्याचा डबाही परत आण, मागच्या दिवाळीचाही तुझ्याकडेच आहे.